एका खोलीची शाखा

परदेशी कंपनीत नोकरी असणं वेगळं आणि परदेशी कंपनीचं काम करणं वेगळं, हे साहेबाला वर्ष संपल्यावर कळलं. कळलं तेही कराच्या शहाण्णव हजारांच्या आकड्यासकट.

साहेब हे त्याचं घरातलं नाव. परदेशातून पहिल्यांदा पैसे जमा झाले त्या दिवशी बायकोने थट्टेने तशी हाक मारली आणि ती चिकटली. काम काही साहेबी नव्हतं. कंपनीच्या मोबाइल अ‍ॅपमधल्या बटणांवर आपल्या भाषेत काय लिहायचं, ते तो ठरवायचा. 'पुढे जा', 'रद्द करा', 'पुन्हा प्रयत्न करा'. त्याच्याकडेच राहणारी आत्या मात्र शेजारीपाजारी सांगायची की भाचा परदेशी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि साहेबाने ते कधी खोडून काढलं नव्हतं. फुकट मिळालेला हुद्दा कोण परत करतो?

कर कंपनीच कापत असेल असं तो धरून चालला होता. करार सोळा पानांचा. त्यातलं रक्कम लिहिलेलं पान त्याने तीनदा वाचलं आणि उरलेल्या पंधरांवर विश्वास ठेवला.

"तुम्ही नोकर नाही," करसल्लागार म्हणाला. "कंत्राटदार आहात."

"कंत्राटदार म्हणजे रस्ते बांधतात ते?"

"तेही. त्यांच्याकडे रोड रोलर असतो, तुमच्याकडे लॅपटॉप. कर दोघांनीही आपला आपणच भरायचा."

साहेबाचा चेहरा पाहून करसल्लागाराला दया आली असावी. निदान बिलात तरी त्याने तिचे वेगळे पैसे लावले नाहीत. त्याने एक वाट दाखवली. घरातली एखादी खोली फक्त आणि फक्त कामासाठी वापरात असेल, तर तिचं भाडं खर्चात धरता येतं. अकरा हजारांचा कर वाचेल.

"पण एक लक्षात ठेवा. कंपनीचं या देशात काहीही नाही. ऑफिस नाही, माणसं नाहीत. तुम्ही आहात, तेही बाहेरचे. उद्या करखात्याला वाटलं की कंपनीची इथे शाखा आहे, तर नोटीस थेट कंपनीला जाईल. आणि तसं झालं तर त्या दिवसापासून तुमचं काम बंद, असं तुमच्याच करारात पान अकरावर लिहिलंय."

साहेबाने जोरात मान डोलावली. अकरा हा आकडा त्याच्या डोक्यात पक्का बसला. फक्त हजारांचा बसला, पानाचा नाही.

त्याने फॉर्मवर खोली लिहून दिली, सगळीच्या सगळी. तीन आठवड्यांनी करखात्याचं पत्र आलं. गुरुवारी सकाळी साडेदहाला अधिकारी खोली पाहायला येतील.

खोलीत साहेब काम करायचा हे खरं, पण तिथे चालणाऱ्या अनेक उद्योगांपैकी तो एक होता. ओले कपडे तिथेच वाळत. इस्त्री तिथेच होई. आत्याची व्यायामाची सायकल तिथेच आणि तिच्या हँडलला साहेबाचे मोजे. बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची, तिथल्या रिकाम्या डब्यांची चळत छताला टेकायची बाकी होती. मीटिंगच्या वेळी कॅमेऱ्यात जी भिंत दिसायची, तेवढी एक स्वच्छ.

"खोली रिकामी करायची आहे, बस," साहेबाने घरच्यांना सांगितलं.

"रिकामी खोली म्हणजे गोदाम," आत्या म्हणाली. "ऑफिस म्हटलं की ऑफिसासारखं दिसायला नको? तू त्यात पडू नकोस. मी बघते."

आत्याने एका शाळेत एकतीस वर्षं नोकरी केली होती, त्यातली शेवटची चौदा उपमुख्याध्यापिका म्हणून. मुख्याध्यापिकेची खुर्ची दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा बाहेरचं कोणीतरी येऊन तिच्यात बसलं. तेव्हापासून आत्या 'मी बघते' म्हणाली की घरात कोणी मध्ये पडत नसे.

गुरुवारी सकाळी साहेब बँकेत गेला. पैसे परदेशातूनच आले असा दाखला हवा होता. तिथल्या माणसाने शिक्का शोधण्यात पाऊण तास घालवला. साहेब धापा टाकत घरी पोचला तेव्हा दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

दारावर पाटी होती. निळ्या अक्षरांत कंपनीचं नाव आणि खाली 'शाखा कार्यालय'.

पान अकरा, जे त्याने वाचलंच नव्हतं, ते आता त्याला तोंडपाठ आठवायला लागलं.

आत, रिकाम्या केलेल्या त्या खोलीत, जेवणाच्या टेबलामागे आत्या बसली होती, कडक इस्त्रीच्या साडीत. समोर घंटी, हजेरीचं रजिस्टर आणि वायर कुठेच न लागलेला जुना फोन. स्वयंपाकघरातून ताटं द्यायला भिंतीत जी खिडकी होती, तिच्यावर 'रोखपाल' अशी पट्टी आणि पट्टीखाली साहेबाचे सासरे. ते बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर, पलीकडच्या गल्लीतून खास आले होते. त्यांनी बोटाला रबरी टोपीसुद्धा चढवली होती. बायको स्टुलावर बसून फाइलमागे तोंड लपवून हसत होती.

"हे काय आहे?" साहेब ओरडला.

"मी सांगितलं होतं यांना," बायको म्हणाली. "पण बाबांना नऊ वर्षांनी खिडकी मिळाली, साहेब. मी कशी काढून घेऊ?"

"जावईबापू, रांगेत या," सासरे खिडकीतून म्हणाले.

"आत्या, ती पाटी आधी..."

दारावरची बेल वाजली.

अधिकारी म्हणजे एक मध्यमवयीन बाई निघाल्या. खांद्याला पिशवी, हातात मोजपट्टी, आणि चेहऱ्यावर दिवसाला सात घरं पाहणाऱ्या माणसाचा कंटाळा. पाटी वाचून तो कंटाळा गेला.

"अपॉइंटमेंट आहे?" आत्याने विचारलं.

"मी करखात्यातून आलेय."

"ते ठीक आहे. इथे सही करा. आत येण्याची वेळ लिहा."

बाईंनी सही केली, वेळ लिहिली आणि हसू दाबून विचारलं, "इथे माणसं किती?"

"सध्या चार," आत्या म्हणाली. "भरती चालू आहे."

साहेब मध्ये पडला. "नाही हो! चार नाही! एकच! तो एकसुद्धा..."

"घाबरू नका, जावईबापू," सासरे म्हणाले. "बाईसाहेब, आमची शाखा नियमाने चालते. रोजचा ताळेबंद रोज."

"आणि आपण?" बाईंनी आत्याला विचारलं.

"शाखाप्रमुख."

बाईंनी हातातला फॉर्म पिशवीत ठेवला आणि दुसरा काढला. तो चांगला जाड होता. "म्हणजे कंपनीचं इथे कार्यालय आहे. माणसं आहेत. मग कंपनीला इथे कर भरावा लागेल. नोटीस परदेशी पाठवावी लागेल."

"जरूर पाठवा," आत्या प्रसन्नपणे म्हणाली. "इथल्या पत्त्यावर एक प्रत मला."

"आत्या, तुला काढून टाकलंय मी!" साहेब किंचाळला.

"तुला तो अधिकार नाही. मी तुझी वरिष्ठ आहे."

बायकोच्या हातून फाइल पडली. आत कागद नव्हताच, चष्म्याच्या काचा पुसायची फडकी होती.

साहेब बाईंना हाताला धरून नेईल की काय अशा आवेशात बाथरूमकडे धावला आणि दार उघडलं. आत खोलीचा सगळा संसार कोंबला होता. सायकल शॉवरखाली उभी होती, तिच्यावर ओल्या चादरी, चादरींवर इस्त्रीचं टेबल. डब्यांची चळत हळूच कलली आणि दीडेकशे चष्म्याचे डबे बाईंच्या पायाशी येऊन थांबले.

"ही खोली," साहेब म्हणाला. "खरी खोली ही. शाखा कुठेच नाही. हे माझे सासरे, ती माझी आत्या, आणि ती हसतेय ती माझी बायको."

"मग खोली फक्त कामाची नाही?"

"नाही."

"वजावट?"

साहेबाने आवंढा गिळला. अकरा हजार गिळायला वेळ लागतो. "नको."

बाईंनी जाड फॉर्म परत ठेवला, पण पिशवीची चेन लावली नाही. "मी पाटी पाहिलीय, रजिस्टरात सही केलीय. तुमच्या एकट्याच्या शब्दावर हे सोडता येणार नाही. तिघांचंही लेखी द्या. आम्ही नातेवाईक आहोत, कंपनीशी संबंध नाही, आम्हाला पगार नाही, कोणतंही पद नाही. तिघांच्या सह्या झाल्या तर विषय इथेच संपला."

बायकोने हसत हसत सही केली. सासऱ्यांनी आधी गल्ला मोजून दाखवला (शून्य निघाला, जुळला) आणि मग सही केली. आत्याने कागद वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"कोणतंही पद नाही, यावर मी सही करणार नाही."

"आत्या, माझं काम जाईल गं."

"चौदा वर्षं 'उप' होते. आज सकाळी पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासमोर उभं राहून सही केली. आणि मी लिहून देऊ की मी कोणी नाही?"

बाई मोजपट्टी गुंडाळायच्या थांबल्या.

साहेब आत्यासमोर अभ्यागतांच्या खुर्चीत बसला. "पद मलाही नाही. तू शेजारी सांगतेस ते खोटं आहे. मी बटणांवर शब्द लिहितो. मागच्या आठवड्यात 'मागे जा' की 'परत जा' यावर तीन दिवस घालवले. कंपनीत मला कोणी ओळखत नाही. त्यांच्याकडे माझा नुसता नंबर आहे."

"मग मला कधी अडवलं का नाहीस?"

"बरं वाटायचं."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं, उशिरा आलेल्या मुलाकडे पाहावं तसं. "नंबर तरी किती?"

"चार हजार दोनशे सात."

"अगदीच शेवटच्या बाकावर," आत्या म्हणाली आणि पेन उचललं. सही करण्याआधी तिने त्या कागदात दोन स्वल्पविराम घातले. सही करून झाल्यावर म्हणाली, "पण पद असंच सोडत नसतात. मी राजीनामा देते. वेगळ्या कागदावर, दोन प्रतींत."

"अगं, राजीनामा म्हणजे पद होतं असं..." साहेबाने घाबरून बाईंकडे पाहिलं.

करखात्याच्या बाई केव्हाच पाठ फिरवून खिडकीची रुंदी मोजायला लागल्या होत्या. "मला इथून काही दिसत नाही," त्या भिंतीला म्हणाल्या. "पाच मिनिटं लागतील मला. आरामात लिहा."

आत्याने लिहिलं. साहेबाने दोन्ही प्रतींवर 'स्वीकारला' असं लिहून सही केली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. आत्याने तो परत सरकवला.

"नुसतं 'स्वीकारला' काय? 'खेदपूर्वक स्वीकारला' लिही."

साहेबाने दोन्ही प्रतींवर 'खेदपूर्वक' लिहिलं. काम वाचलं होतं, आणि दुपारी जाऊन पुरे शहाण्णव हजार भरायचे होते. त्यामुळे खेद अगदी मनापासूनचा होता. अक्षरसुद्धा नेहमीपेक्षा चांगलं आलं.