धोंडीबाची हलगी

"आज्जे, एकदाच म्हण. मोबाइल बंद ठिवतो," प्रशांत म्हणाला.

"मोबाइल बंद ठिवशील, पर त्वांड माझंच उघडंल की," माझी बहीण बाळाबाई म्हणाली आणि लसूण सोलत राहिली.

प्रशांत तिचा नातू. शिरवळला कारखान्यात कामाला आहे आणि एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवतो. त्यांचा पहिला अल्बम कारखान्यातल्या पाळ्यांवर होता. मला त्यात आरडाओरडाच जास्त वाटला, पण पोरांनी तो उचलून धरला. दुसरा अल्बम माणसाच्या आतला, आत्म्याबित्म्याचा करायचा, असं त्यांच्या गायकानं, राजवर्धननं ठरवलं होतं. नऊ गाणी झाली होती. दहावं त्यांना बाळाबाईकडून हवं होतं. आमचा बा, धोंडीबा, गावदेवीपुढं हलगीवर म्हणायचा ते.

असं गाणं आहे, हे त्यांना मीच सांगितलं. वाईच्या ग्रंथालयात चाळीस वर्षं मी पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. मला सहसा कुणी काही विचारत नाही. राजवर्धननं विचारलं, आणि मी बोलून गेलो. बोलायला नको होतं.

छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर बानं घरातले देव पोत्यात भरून कृष्णेत सोडले. हलगीही त्याच पोत्यात टाकली. बाळाबाई तेव्हा सात वर्षांची होती आणि ते गाणं तिला तोंडपाठ होतं. बानं तिला गुडघाभर पाण्यात उभं करून शब्द घेतला, की हे गाणं पुन्हा ओठांवर आणणार नाही. दोन वर्षांनी माझा जन्म झाला. गौतम हे आमच्या घरातलं पहिलं नवं नाव. मी ते गाणं कधी ऐकलं नाही. प्रशांतच्या आडून मलाच ते ऐकायचं होतं, हे कबूल करायला हवं.

"आता कोण बघतंय, आज्जे? कला म्हणून म्हण."

बाळाबाईनं सुरी खाली ठेवली. "जत्रंत रातभर बडवायचा माझा बा. सकाळी लांबनं भाकरी टाकायची लोकं. ती कला व्हय रं?"

प्रशांतनं मोबाइल खिशात घातला. मग म्हणाला, "लोकं इचारत्यात, वाजवायला कुठं शिकलास. मला म्हणायचं असतं, घरात. पर घरातलं माझ्याकडं कायबी न्हाई."

तिनं उरलेला लसूण सोलला. टरफलं पदरात गोळा करून उठली.

"कुठं हाय तुमचं ते रिकाडिंग?"

"सांगलीला."

"गौत्या, तू बी चल. तूच लावलंयस हे सगळं."

सांगलीच्या स्टुडिओत राजवर्धननं तिला खुर्ची दिली. तिनं चटई मागितली. त्यानं कुठूनशी एक हलगीही आणून ठेवली होती.

"आज्जी, कसंबी म्हणा, आमी जुळवून घेतो."

"म्हणणार न्हाई. बाला शब्द दिलाय."

राजवर्धननं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पसरलेल्या वायरींकडं पाहू लागलो.

"मग हलगी तरी..."

"ती बी नगं. परशा, म्होरं बस. पाठ कर हिकडं."

प्रशांत मांडी घालून बसला. तिनं त्याच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले.

"बानं हलगी टाकली. हात कुठं टाकणार? दिसभर गप असायचा. पर लेकराला निजवाया लागला, की पाठीवर बोटं चालायची त्याची. त्यालाबी कळायचं न्हाई."

राजवर्धननं माइक खाली, पाठीजवळ आणला. बाळाबाईनं सुरुवात केली. आधी दोन बोटं, मग तळवा, मग घाईघाईत तीन ठोके. मध्येच हात थांबायचे. तिथं शब्द असणार. तेवढा वेळ ती ओठ घट्ट मिटून घ्यायची आणि पुन्हा बोटं सुरू व्हायची.

मी भिंतीला टेकून उभा होतो. तिसऱ्या फेरीला माझ्या लक्षात आलं, की पुढचा ठोका कुठं पडणार ते मला आधीच कळतंय. हात कधी थांबणार, तेही. डोक्यात नव्हे, दोन्ही खांद्यांच्या मध्ये कळत होतं. सदुसष्ट वर्षं मी धरून चाललो होतो, की ते गाणं माझ्या जन्माआधीच बुडालं.

वाजवणं संपलं. राजवर्धन हळू आवाजात म्हणाला, "मधल्या जागा मोकळ्या राहत्यात, गड्या. गिटार भरू का तिथं?"

"नगं," प्रशांत मागं न वळता म्हणाला. "तिथं आज्जी गप हाय. तसंच राहू दे."

परतीच्या एसटीत बाळाबाई खिडकीशी बसली, मी शेजारी. कराड मागं पडलं. तिचे हात मांडीवर स्वस्थ होते. मी मागं न टेकता थोडा पुढं वाकून बसलो होतो.

"पाठ दुखती व्हय रं?" तिनं विचारलं.

"न्हाई, आक्का," मी म्हणालो, आणि सातारा येईपर्यंत तसाच बसून राहिलो.