मिल रस्त्यावरचा भाव

बहीण ओपल मरताना बापाला दोष देत गेली, हे वर्लाच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

मिल रस्त्यावरचं ते पिवळं घर त्या दोघींच्या बापाने स्वतःच्या हातांनी बांधलेलं. ओपल आजारी पडली, तिला वृद्धाश्रमात हलवायची वेळ आली, तेव्हा घरांची खरेदी-विक्री करणारा गार्लंड प्रुएट बॅटरी घेऊन तळघरात उतरला आणि मान हलवत वर आला. "पाया खचलाय, बाई. कोणी फुकटसुद्धा घेणार नाही. मी घेतो, तुमची अडचण म्हणून." ओपलने मातीमोल भावात सही केली. पाया ठणठणीत होता. गार्लंडने नुसता रंग मारला आणि चार महिन्यांत ते घर तिप्पट भावाने आपल्या मेव्हण्याच्या नावावर केलं. इकडे ओपल शेवटच्या श्वासापर्यंत म्हणत राहिली, "बाबांनी कच्चं काम केलं गं."

वर्लाने तेव्हापासून गार्लंडवर दात धरला. तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलं होतं, गार्लंडलाही वाढलं होतं. वाट पाहणं तिला नवीन नव्हतं.

काचेचा कारखाना बंद पडल्यापासून वेलर्टन गावात अर्धी घरं ओस होती. मिल रस्त्यावर वर्षाला दोन घरं विकली गेली तरी खूप. गार्लंडने तिथली आणखी नऊ घरं कवडीमोलाने उचलली होती. रोज सकाळी खानावळीत अंडी खाता खाता तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचा. "दोन-तीन महिन्यांत बँकेचा माणूस घरांचा भाव ठरवायला येतोय. नऊ घरं तारण ठेवली की नदीकाठची गिरणी माझी."

त्याच वर्षी मिल रस्त्यावरच्याच वर्लाच्या घराचा कर वाढला. ती तक्रार घेऊन कोर्टाच्या इमारतीतल्या कर कचेरीत गेली. तिथल्या कारकुनाने कागद पुढे सरकवला.

"तुमच्या रस्त्यावर एक पिवळं आणि एक निळं घर या चढ्या भावाने गेलंय. शेजारचं ज्या भावाने जातं, तोच तुमचा भाव."

"आणि घेणारा घरातलाच असला तर?"

"मग ती विक्री हिशेबात धरत नाहीत. पण कोणीतरी सांगायला हवं ना, आजी."

वर्लाने तक्रार केलीच नाही. कागद घडी करून पिशवीत टाकला आणि घरी आली.

पुढच्या आठवड्यात तिच्या अंगणात विक्रीची पाटी लागली. शेजारच्या गावाहून आलेली दलालीणबाई आकडा वाचून थबकली. "वर्लाबाई, एक शून्य राहिलं का हो?"

"नाही राहिलं. पेपरात दे, सगळ्यांना दिसू दे. पहिला परका माणूस येईल त्याला द्यायचं."

कोंबड्यांच्या कारखान्यात काम करणारी मारिसेल नवऱ्याला घेऊन आली. तिने भिंती ठोकून पाहिल्या, नळ सोडून पाहिले. शेवटी हळूच विचारलं, "इथे कोणी मेलंय का, मावशी?"

"अजून तरी नाही," वर्ला म्हणाली.

व्यवहार झाला; घर सोडायला मारिसेलने दोन महिने दिले. महिनाभराने बँकेच्या माणसाचा फोन आला. विकणाऱ्याला विचारून खात्री करायची, ही त्यांची रीतच असते.

"घर अडचणीपोटी विकलंत का?"

"नाही."

"घेणारे नात्यातले?"

"त्यांचं आडनाव मला अजून धड म्हणता येत नाही."

"मग ही विक्री धरतो."

"धरा की. आणि ते पिवळं आणि निळं घर पण धरताय का? दोन्ही गार्लंडच्या मेव्हण्याने घेतलीत. गार्लंडचं त्याच्या बहिणीशी लग्न लागलं, तेव्हा वाढायला मीच होते."

 पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

आठ दिवसांनी गार्लंड दारात उभा राहिला. वर्ला सामान बांधत होती. धोबीखान्याच्या वरची एक खोली तिने भाड्याने घेतली होती.

"वर्लाबाई, एक सही हवी. मारिसेल तुमच्या ओळखीची होती, म्हणून स्वस्त दिलं, एवढंच लिहायचं. बाकी मी बघतो." त्याने खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "घरात जेवढं बुडलं, त्याच्या दुप्पट आहे."

वर्लाने पाकिटाकडे पाहिलं. त्या पैशांत धोबीखान्यावर राहायची पाळी आली नसती. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं असतं. तिचा हात टेबलापर्यंत गेलासुद्धा. मग तिने पाकीट उचललं आणि त्याच्या कोटाच्या खिशात घातलं.

"तुमचं केवढं नुकसान झालं, कळतंय का तुम्हाला?" त्याचा आवाज चिरकला.

"कळतंय की. समजून-उमजून केलंय."

"तुमच्या त्या एका विक्रीवरून बँकेने नऊच्या नऊ घरांचा भाव पाडलाय. गिरणीचा विसार गेला. लोक खानावळीत हसतायत मला."

"हसू देत. ओपलला रडताना तू पाहिलं नाहीस, तिथे मी होते."

तो उभाच राहिला. जायचं कुठे तेच त्याला सुचत नव्हतं. शाळेत ताट घेऊन रांगेत असाच उभा राहायचा, हे वर्लाला आठवलं. तरी तिला दया आली नाही. येईल की काय म्हणून तिने क्षणभर वाट पाहिली, एवढंच.

"आलाच आहेस तर," ती म्हणाली, "तो भांड्यांचा खोका जड आहे. गाडीत नेऊन ठेव."

गार्लंडने खोका उचलला. पायरीवर तो अडखळला.

"सांभाळून," वर्ला मागून म्हणाली. "फुटलं तर भरून घेईन."