खाच

थोराने नळ बंद केला आणि कान गॅरेजच्या दाराकडे लावले. हीटरची घरघर तेवढी येत होती. यंत्राचा आवाज नव्हता. तिचा नवरा ऑरविल न्याहारी उरकून तिकडे गेला त्याला बराच वेळ झाला होता. आवाज आला तरी तिला धास्ती, नाही आला तरी धास्ती.

बर्फ पडायला लागलं तेव्हाची गोष्ट. चर्चमध्ये कॉफी पिताना, मांडीवर नुसता ठेवलेला त्याचा उजवा हात आपला आपण थरथरायला लागला. शेजारच्या एडिथने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, ते थोराला जास्त झोंबलं. डॉक्टरांनी दुखण्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या. मिनियापोलिसहून मुलाचा फोन आला, "आई, बाबांचं राऊटर आधी उचलून ठेव."

राऊटर म्हणजे दोन मुठींचं, लाकूड कोरायचं यंत्र. पातं इतकं गरगरतं की दिसतच नाही. बोट गेलं तर गेलंच.

"तुझा पाळणा त्यानेच कोरलाय, केंट. उचलून ठेव म्हणे!" असं तिने त्याला सुनावलं खरं. फोन ठेवल्यावर मात्र ती स्वतःच गॅरेजात जाऊन ते यंत्र बघून आली.

तोडगा निघाला टेबलाचा. यंत्र टेबलाखाली उलटं टांगायचं, पातं तेवढं वर काढायचं, आणि लाकूड त्यावरून सरकवायचं. हातात धरायला नको. इथवर दोघांचं जमलं.

"दुकानात तयार मिळतं," थोरा म्हणाली.

"दुकानातलं हलकं असतं गं. डगडगतं."

"तुझ्यापेक्षा कमीच डगडगेल."

तो खो खो हसला. ती हसली नाही. टेबल घरी करायचं तर यंत्र टांगायची जाड पट्टी फळीत चपखल बसायला हवी, म्हणजे फळीत खाच हवी. आणि ती खाच कोरायची त्याच राऊटरने, हातात धरून. ज्या कामापासून हात वाचवायचा, ते काम आधी एकदा करायचं! असली अक्कल पुरुषांनाच सुचते, असं तिने बहिणीलाही ऐकवलं होतं.

पण त्याहून तिला भ्यायला लावलं ते त्याच्या घोळ घालण्याने. एक दिवस दुकानाची पत्रकं पसरून बसायचा, दुसऱ्या दिवशी प्लायवूड घेऊन यायचा. घराचा जिना एका हिवाळ्यात उभा केलेला माणूस, आणि एका टेबलापाशी येऊन अडला होता.

ती गॅरेजात शिरली. फळी शिकंज्यांत आवळलेली होती, वर खाचेच्या मापाचा लाकडी साचा नीट बसवलेला. राऊटर बाजूला. ऑरविल स्टुलावर बसला होता, आणि गुडघ्यावर हात थरथरत होता.

"काय, बर्फ वितळायची वाट बघतोयस का?"

त्याने उलट टोला दिला नाही. "गाडी गरम कर. दुकानातलंच आणू."

हेच तर तिला हवं होतं. तिने खुंटीवरची चावी काढलीसुद्धा. तेवढ्यात तिला यंत्राची वायर दिसली. गुंडाळलेली, गाठही न सोडलेली.

"एखाद्या तुकड्यावर करून तरी बघितलंस?"

"नाही."

"मग जमत नाही हे कशावरून?"

"करून बघितलं की कळेल, थोरा." तो फळीकडे बघत म्हणाला. "आणि कळलं की संपलंच."

तिने चावी डाव्या मुठीत घेतली. मग वायरची गाठ सोडली.

"कामाचा चष्मा दे एक. मी पण धरते."

"तुला नाही जमायचं."

"लेफ्साच्या पोळ्या लाटायला घेतल्या की तुझी आईपण हेच म्हणायची. शेवटी कुणाच्या हातच्या खात होतास?"

तो उठला. दोन्ही मुठी धरल्या. त्याच्या उजव्या हातावर तिने आपला हात दाबून ठेवला.

"घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं. ढकलू नकोस."

यंत्र गरजलं, फळीला टेकलं आणि लगेच कचकन हिसडलं. ऑरविलने बंद केलं. दोघंही खाली, हातांकडे बघत राहिले.

"थोरा," तो हळूच म्हणाला, "तुझा हात काढ जरा."

तिने काढला. काढल्यावरही तिचाच हात थरथरत होता. तो तिने एप्रनच्या खिशात कोंबला. खाली त्याची मूठ स्थिर होती, फळीला खिळे ठोकून बसवल्यासारखी.

त्याने पुन्हा यंत्र सुरू केलं. पहिला कोपरा वळला तेव्हा थोराने डोळे मिटले होते. आवाज एकसारखा येत राहिला. शेवटच्या कोपऱ्याला तिला जाणवलं, चावी डाव्या मुठीतच आहे आणि चावीचे दात तळव्यात रुतलेत.

यंत्र थांबलं. ऑरविल स्टुलावर टेकला. गुडघ्यावर ठेवताच हात पुन्हा थरथरायला लागला. दुसऱ्या हाताने त्याने भुसा झाडला, खाचेच्या कडेवरून बोट फिरवलं, एका जागी थांबवलं.

"इथे जरा चावलंय."

"ते माझं," थोरा म्हणाली, आणि चावी खुंटीला लावायला वळली.