एका वाचकाने कळवले आहे की

आमच्या ह्यांनी मला पहिल्यांदा ‘मोडेम’ म्हटलं तेव्हा मी हसले. हसू नको तर काय करू? हर्षाली मॅडमनी माझा फोटो टेबलावर ठेवून विचारलं, “काका, ह्या कोण?” ह्यांनी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओळख डोळ्यांत लख्ख दिसत होती. ओठांची बरीच जुळवाजुळव केली आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, “मोडेम.” चुकलं हे त्यांचं त्यांनाच कळलं. डाव्या हातानं टेबलावर थाप मारली. उजवा हात मांडीवर पडला होता तो तसाच राहिला.

दिवाळीच्या तोंडावर ह्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय बऱ्यापैकी सावरला, वाचा मात्र गेली. गेली म्हणजे मुके नाही झाले, भलतंच बोलायला लागले. चहा हवा असला की “कुलूप” म्हणायचे आणि मी कुलूप आणून दिलं की माझ्यावरच डोळे वटारायचे. हर्षाली मॅडम गंगापूर रोडला बसतात, अशा लोकांना पुन्हा बोलायला शिकवतात. त्या म्हणाल्या, “काकांना समजतं सगळं. शब्द तोंडाशी येईपर्यंत वाटेत दुसराच घुसतो. सुरुवातीच्या महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं येईल. नंतर वेग कमी होतो.”

मला जास्त काही नको होतं. पाणी, जेवण, औषध हे खुणेनं भागतं. पण घरात दोनच माणसं आणि त्यातल्या एकाला दुसऱ्याला हाक मारता येत नाही, याला काय घर म्हणायचं? त्यांनी मला हाक मारावी, एवढंच. आणि आता मारायचीच तर नावानं. माझं नाव दीपमाला. लग्न झाल्यापासून ते ह्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. सासूबाईंसमोर बायकोचं नाव घ्यायचं नाही ही आमच्याकडची पद्धत. सासूबाई गेल्या, पद्धत काही गेली नाही. “अगं ए” एवढ्यावर माझा सगळा संसार झाला. मीसुद्धा “अहो”च म्हणत आले, खोटं कशाला बोलू? पण आता मी त्यांना स्पष्ट सांगितलं, “नव्यानंच शिकताय ना बोलायला? मग या वेळी नीट शिका.”

वाचनाचा सराव घ्यायचा ठरला. पेपर दिला की हे बाजूला सारायचे. मॅडम म्हणाल्या, “त्यांच्या स्वतःच्या बोलण्यातलं, त्यांनी लिहिलेलं काही आहे का घरात? आपलीच वाक्यं पटकन तोंडात बसतात.”

मी म्हटलं, “ब्लॉग होता एक.”

होता म्हणजे काय, माझी सवतच होती ती. हे सातपूरच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. आम्ही सिडकोत राहायचो, अजूनही तिथंच राहतो. दोन हजार तीन साली ह्यांना इंटरनेटचं वेड लागलं आणि त्यांनी ब्लॉग काढला, ‘इकडचं तिकडचं’. नवीन यंत्रं, नवीन वेबसाइटी, अंबडच्या गाळ्यात कोणा पोरांनी काढलेली कंपनी, विंचूरच्या वाइन पार्कात बसवलेलं कसलंसं सेन्सर, आणि त्यात मधेच कुठल्या तरी गावची कसली तरी गंमत. रविवार सगळा त्याच्यात जायचा. दुपारी माणसं जमायची, ब्लॉगर मीट म्हणे. मीट कसली, माझ्या हातची मिसळ खायची आणि अमेरिकेच्या गप्पा मारायच्या. आमची लेक पूजा तेव्हा लहान होती, तिला सायकल शिकवली मी. तो ब्लॉग मी एकदाही वाचला नाही आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. सवतीची कोणी खुशाली विचारतं का?

आता मात्र तिच्याच दारात जायची वेळ आली. पूजा हैदराबादला असते, तिला फोन करून शोधायला लावलं. तिनं बरीच खटपट केली आणि म्हणाली, “आई, काही उरलं नाही गं. फुकट जागा देणारी ती कंपनीच बंद पडलीय.” जगभर पोचलंय, जगभर पोचलंय म्हणून हे नाचायचे, आणि ते सगळं असं पुसून गेलं की कोणाला पत्ता लागला नाही. मला रडूच फुटलं. पाटीवर लिहिलं असतं तरी जास्त टिकलं असतं.

मग मला नजीरभाई आठवले. भद्रकालीत त्यांचं सायबर कॅफे होतं. घरी कॉम्प्युटर यायच्या आधी हे तिथूनच लिहायचे. आता त्याच जागेत ते मोबाइल दुरुस्त करतात. मी दुकानात जाऊन उभी राहिले आणि ह्यांचं सगळं सांगितलं. नजीरभाईंनी हातातला मोबाइल तसाच उघडा ठेवला.

“वहिनी, आहे ना माझ्याकडे,” ते म्हणाले. “त्या वेळी लाइट कधी जाईल भरवसा नव्हता. पोस्ट टाकता टाकता गेली की सगळं लिहिलेलं गायब. म्हणून सोमनाथभाऊंची प्रत्येक पोस्ट मी आधी आपल्या मशीनवर उतरवून ठेवायचो. पुढे घरून लिहायला लागले तरी मला पाठवायचेच, सवय पडली होती.”

फाइल उघडली तर पडद्यावर नुसता कचरा. चौकोन, डॉलर, उलटेसुलटे दांडे. मला वाटलं, गेलं हेही. नजीरभाई हसले. “जुना फॉन्ट आहे वहिनी. युनिकोडच्या आधीचं मराठी असंच दिसतं. बदलून देतो, थोडं थांबा.” थोडं म्हणता म्हणता दोन आठवडे गेले, पण मोठ्या अक्षरांत छापलेले कागद घेऊन ते स्वतः घरी आले.

सकाळी चहा झाला की आम्ही गॅलरीत बसायचो. मी बोट ठेवायची, हे वाचायचे. पहिल्या दिवशी घामाघूम झाले. मग हळूहळू गाडी सुटली. स्वतःचं वाक्य असलं की डोळे पोचायच्या आधीच पुढचा शब्द तोंडात यायचा. “अंबडच्या... या... दोन मित्रांनी... द्राक्ष बागायतदारांसाठी एसएमएस... सेवा सुरू केली आहे. पाच वर्षांत ही कंपनी... देशभर पसरेल.”

“पसरली का?” मी विचारलं.

ह्यांनी डावा हात उलटा केला आणि हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा हसले. मग आमचा खेळच झाला तो. ज्या कंपनीचं कौतुक लिहिलेलं ती बुडालेली. ज्या यंत्रानं दुनिया बदलणार होती ते यंत्र आता कोणाला दाखवलं तर पोरं विचारतील हे काय आहे. मी म्हटलं, “अहो, तुमचा हातगुण बघा! ज्याला चांगलं म्हणालात तो उठला बाजारातून.” हे खो खो हसायचे आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायचं. त्यातलं हसण्याचं किती होतं आणि दुसरं किती, ते मी विचारलं नाही.

शब्द खरंच यायला लागले. एकदा लाइट गेली तर म्हणाले, “सर्व्हर डाउन.” बरोबर जागी, बरोबर अर्थानं! दुसऱ्या आठवड्यात नजीरभाई भेटायला आले. हे दारातच त्यांच्याकडे बघत राहिले आणि स्वच्छ म्हणाले, “नजीर.” नजीरभाईंनी त्यांचा हात धरला आणि लहान पोरासारखे रडले.

मी आत चहा टाकत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नजीर येतं, आणि दीपमाला येत नाही? मिसळ कोणी घातली? दवाखान्यात नळी लावलेली असताना रात्री कोण बसलं होतं उशाशी? मग माझी मीच शांत झाले आणि विचार केला. नजीर का आलं? कारण सुरुवातीच्या सगळ्या पोस्टच्या खाली लिहिलेलं असायचं, ‘नजीरच्या कॅफेतून’. जे ब्लॉगमध्ये आहे ते परत येतंय. म्हणजे माझं नाव कुठं तरी सापडलं पाहिजे. एकदा जरी असलं तरी तेच पान रोज वाचून घेईन.

नजीरभाई गेल्यावर मी सगळा गठ्ठा घेऊन बसले. पान न् पान बघितलं. अंबडच्या पोरांची नावं होती, वाइन पार्कातल्या वॉचमनचं नाव होतं, कॅफेतल्या मांजराचंही नाव होतं. माझं नव्हतं. दोनदा शोधलं, नव्हतंच.

पण शोधता शोधता एक पोस्ट वाचली. ‘एका वाचकाने कळवले आहे की दिंडोरीकडे द्राक्षबागांवर मजुरांना बोलावण्यासाठी मिस्ड कॉलची भाषा तयार झाली आहे. एकदा वाजला तर कामाला या, दोनदा वाजला तर आज सुट्टी. कोणाचाही पैसा खर्च होत नाही.’ मी थबकले. दिंडोरी माझं माहेर. हे मी सांगितलं होतं! चुलतभावाच्या बागेवर बघून आले होते आणि पोळ्या लाटता लाटता ह्यांना सांगितलं होतं. पुढे बघते तर, ‘एका वाचकाने कळवले आहे की घोटीच्या बाजारात तांदळाच्या एका व्यापाऱ्याने कॅल्क्युलेटर दोरीने टांगून ठेवला आहे. हिशेब गिऱ्हाइकानेच करायचा, म्हणजे भांडण नको.’ तेही माझंच, मावसबहिणीच्या लग्नाला गेले होते तेव्हाचं. देवळात मोबाइलवर आरती लावली आणि मधेच पुजाऱ्याच्या सासऱ्याचा फोन आला, तेही माझं. जिथं जिथं ‘एका वाचकाने’ असं होतं, तिथं तिथं मी होते.

मी बोलायची तेव्हा हे नुसतं “हं” म्हणायचे. मान वर करायचे नाहीत. मला वाटायचं मी भिंतीशी बोलतेय. आणि हा माणूस सगळं ऐकत होता! मी कागद छातीशी धरून बसले. आनंद झाला, आणि त्याहून जास्त राग आला.

सकाळी ते पान त्यांच्यासमोर आपटलं. “ही मी आहे ना?” त्यांनी मान हलवली. हो. “मग नाव घालायला काय झालं होतं? हात झडला असता?” त्यांनी तोंड उघडलं. “वा... वायर... नाही... कु...” मान झटकली, पुन्हा प्रयत्न केला, कपाळावरची शीर फुगली. काही तरी सांगायचं होतं त्यांना, अगदी गळ्याशी आलं होतं. मग टेबलावर थाप मारली आणि तोंड फिरवून बसले. इतक्या वर्षांचं एक चांगलं कडकडीत भांडण हाताशी आलं होतं आणि भांडायला समोर कोणी नव्हतं.

नजीरभाईंना विचारलं. ते म्हणाले, “आम्ही सगळे विचारायचो, भाऊ, हा वाचक आहे तरी कोण? सगळ्यात भारी खबर त्याचीच असते. भाऊ म्हणायचे, लाजाळू आहे, कोणासमोर येत नाही. तुम्ही तेव्हा मिसळ वाढत असायच्या वहिनी. आम्हाला काय माहीत! त्या वेळी नेटवर घरातल्या बाईचं नाव टाकायला लोक घाबरायचे. कोण कुठून बघेल, काय लिहील.”

“नेटवर नाही तर नाही,” मी म्हटलं. “घरात तर घ्यायचं होतं.”



मग मी हट्टाला पेटले. कोऱ्या कागदांवर मोठ्या अक्षरांत माझं नाव लिहिलं आणि रोज समोर धरलं. वाचताना यायचं, “दी... प... माला.” कागद बाजूला केला की गेलं. उन्हाळा लागला. मॅडम पूर्वीसारख्या “वा काका” म्हणेनाशा झाल्या. एकदा मला बाहेर घेऊन हळूच म्हणाल्या, “काकू, आता फार मोठी सुधारणा होईल असं मला वाटत नाही. आहे ते टिकवू या.” मी मान डोलावली. कळत होतंच मला.

पुढच्या खेपेला त्यांनी पुन्हा फोटो मांडले. “काका, ह्या कोण?”

ह्यांनी माझ्या फोटोवर बोट ठेवलं. घाई केली नाही. “एक... वाचक.”

“नाही काका. बघा बरं नीट. दी...?”

“वाचक,” हे म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. थाप मारली नाही. चुकलं असं त्यांना वाटतच नव्हतं.

मॅडमनी कागदावर फुली मारायला पेन टेकवलं. बरोबर म्हटलं तर पुन्हा कोणी त्यांना माझं नाव विचारणार नाही, आणि चूक म्हटलं तर त्यांचं ते तोंड पुन्हा तसंच पडेल.

“बरोबर आहे मॅडम,” मी म्हटलं. “बरोबर लिहा.”

“मग नावाचा सराव?”

“बंद करा.”

ह्यांचे खांदे सैल पडले. केवढं ओझं दिलं होतं मी त्यांना, ते तेव्हा दिसलं.

संध्याकाळी मी कुकर लावत होते तेव्हा बाहेरून हाक आली, “वाचक!” मी ओ दिली. पाणी हवं होतं, ते दिलं, पेला रिकामा करून घेतला, तोंड पुसलं. मग स्वयंपाकघरात येऊन दार लोटलं आणि स्वतःचं नाव एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं. घरात ते म्हणणारं आता दुसरं कोणी नव्हतं.