झाकण लागलेली तपकिरीची डबी

मी तपकिरीची डबी बोलतेय. पत्र्याची, गोल, घट्ट झाकणाची. जन्म कुठला ते ठाऊक नाही. शहाणपण मात्र सांगलीच्या पेठेतलं. नानासो हळदीचे व्यापारी. गिऱ्हाईक भावावर अडलं की ते मला पुढं करायचे. शिंकता शिंकता कुणी घासाघीस करत नाही, हे मी त्यांच्या गादीवरच शिकले.

बाहत्तर सालच्या थंडीत तिबेटी निर्वासितांचा नवा जथा गावात आला. नानासोंनी त्यांना हळदीची वखार उघडून दिली. पुढं त्यांच्या कायमच्या वस्तीवर धाडण्याआधी क्षयाची तपासणी, आणि ती होईस्तोवर कुणी दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. थुंकीच्या डब्या कमी पडल्या, तेव्हा नानासोंनी मला उकळून तपासणीच्या डॉक्टरांना देऊन टाकलं.

"डाक्टर, थुकीच्या रंगाला भिऊ नगा," ते म्हणाले. "माझ्या वखारीत मांजरसुदिक पिवळं खोकतंय."

माझ्यावर त्या जथ्यातल्या डोल्माच्या नावाची पट्टी चिकटली. तिच्या अंगावर पिणारी पोरगी, जथ्यात रक्ताचं कुणी नाही. रोग निघाला तर पोरगी सोडून दवाखान्यात जावं लागेल, हे तिला कळलं होतं. म्हणून ती तोंडात शाल कोंबून खोकायची.

सकाळी तिनं मला खिडकीच्या गजातून बाहेर सरकवलं. बाहेर वखारीची झाडलोट करणारी बयाबाई अंगण झाडत होती. डोल्मानं पोरीकडं बोट दाखवलं, मग माझ्याकडं.

"माजी थुकी मागतीस व्हय गं?" बयाबाई पुटपुटली. पोरीकडं बघत राहिली, आणि माझ्यात थुंकली.

झाकण लागलं. हा खोकला लपला तर उद्या पोरीलाच गाठणार, हे मला कळत होतं. पण बंद डबी काय ओरडणार?

डॉक्टरांनी ओळीनं डब्या उघडल्या. पिवळी, पिवळी, पिवळी. मग मी, पांढरीशुभ्र.

"नानासो, ही बाई तुमच्या वखारीत राहिलेलीच दिसत नाही."

नानासो हसले नाहीत. डॉक्टरांनी डोल्मापुढं दुसरी डबी धरली. "इथंच, माझ्यासमोर." ती पोरीला कवटाळून भिंतीला टेकली.

तेवढ्यात दारावरच्या शिपायाला "सर रं बाजूला" म्हणत बयाबाई आत आली. हात पुढं केले.

"थुक आता, बाई. तू येस्तवर ही माज्याकडं हाय."

शब्द डोल्माला कळले नसतील. पण तिची मिठी सैल झाली, आणि इतके दिवस दाबलेला खोकला बाहेर आला.

त्या डबीत रोग निघाला. डोल्मा मिरजेच्या दवाखान्याकडं जाणाऱ्या गाडीत बसली. पोरगी बयाबाईच्या कडेवर होती. लगेच जंतू मारायला मला चुन्याच्या खड्ड्यात टाकलं. आत अजून बयाबाईची थुंकी, बाहेर चुना, मधे मी. वरून जाणाऱ्यांनो, झाकण उघडू नका. एवढंच सांगा, डोल्मा पोरीला न्यायला आली का?