पूल आणि पुल

मित्रांनो, कबुतरं पळवायला खिडकीत टांगलेली एखादी चकचकीत सीडी पाहिलीय ना? तशीच एक जुनी सीडी मी. हसू नका! एके काळी माझ्या पोटात अभियांत्रिकी संशोधनाचे चारशे अहवाल होते.

आधी ते कपाटांत कोंबलेले असत. एक शोधायचा तर आठवडा जाई. शेवटी संस्थेच्या ग्रंथपाल बाईंनी कंबर कसली. पानन्‌पान संगणकावर चढवलं, प्रत्येक अहवालाला शोधशब्द दिले आणि सगळं माझ्यात उतरवलं. 'पूल' लिहिला की शेजारी 'पुल'ही लिहायच्या.

"बाई, हे अशुद्ध कशाला?" संचालकांनी विचारलं.

"साहेब, 'पुलाचा' लिहिताना पु ऱ्हस्व, मग घाईत गोंधळ होतोच. तुमचीच पत्रं वाचून सुचलं!"

साहेब स्वतःच खो खो हसले.

काय दिवस होते ते! माझ्यासाठी अभियंते रांग लावत. बाई मला अगदी कडेला धरून उचलत. पुढे नवे संगणक आले, त्यांत मला घालायला जागाच नव्हती. "हिची प्रत नंतर काढू," असं सगळे म्हणत राहिले आणि बाई निवृत्त झाल्या. कपाटातले कागद वाळवीने फस्त केले. मी खिडकीत लटकले. फार वाईट वाटायचं हो.

एका सकाळी एक अभियंता ताई धापा टाकत आली. नदीवरच्या जुन्या पुलावरून दुपारी एक अवजड यंत्र जाणार होतं. पूल तो भार पेलेल का, हे जुन्या तपासणीच्या अहवालातच होतं. शिपाईकाकांनी खिडकीकडे बोट दाखवलं. ताई मला घेऊन थेट बाईंच्या घरी गेली. बाईंच्या जुन्या संगणकात मला अजून जागा होती.

"अगं बाई, किती ओरखडे हे!" मला पुसताना बाईंचे डोळे भरून आले.

ताईने घाईघाईत लिहिलं, 'पुल'. यादी आली आणि तिच्यातून हवा तो अहवाल उघडला! 'मधल्या तुळईला तडा. सांधली आहे, पण जड वाहन सोडू नये.'

ताईने तिथूनच फोन लावला. "यंत्र थांबवा! आत्ताच्या आत्ता!" चालकाने पुलाच्या तोंडाशीच ब्रेक दाबला.

बाईंनी त्याच दिवशी माझी प्रत काढली. पण अकरा अहवाल काही केल्या उघडले नाहीत. ते कोणत्या पुलांचे होते, आता मलाही आठवत नाही.

मित्रांनो, मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. तुमच्या कपाटातल्या माझ्या बहिणींची प्रत आजच काढा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर बाई सांभाळून घेतील. त्या अकरा अहवालांचं मात्र आता बाईही काही करू शकत नाहीत.