पेटीच्या सुरात बसलेला मोबाईल

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे आणि स्वस्थ बसणे माझ्या नशिबात नाही. आता तुमच्याशी बोलतानाही दोन मेसेज येऊन थडकले. तिकडे लक्ष देऊ नका. मी देतोच आहे, तुम्ही तरी देऊ नका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवते ते बीदरच्या मैलूर भागातले दुकान. तिथून मला धम्मानंदने घेतले. तो हैदराबादला नोकरी करतो. त्याने मला दिवसभर दामटले. रील, गेम, क्रिकेटचा स्कोअर, परत रील. मी तापलो की तो मला पंख्याखाली धरायचा. तेव्हा त्याच्या मित्रांमध्ये माझ्या कॅमेऱ्याचे केवढे कौतुक! मग एकदा मी जिन्यावर पडलो, काचेला तडा गेला आणि कौतुक संपले. मी आधी उशीखाली गेलो, मग कपाटात, आणि शेवटी त्याच्या गावी, निर्ण्याला निघालेल्या एका पिशवीत. निर्ण्यात त्याची धाकटी बहीण ज्योत्स्ना राहते. मी तिच्या हाती आलो.

ज्योत्स्नाने माझ्यातले गेम काढून टाकले आणि तानपुरा घातला. सूर मोजायचा काटाही घातला. तो काटा म्हणजे माझी शान. सूर जरा खाली उतरला की मी लगेच लाल होतो. ती गायची, रेकॉर्ड करायची, ऐकून कपाळाला हात लावायची आणि पुन्हा गायची. मला वाटले, आता माझे दिवस आले.

तिला घाईही होती. तिचे वडील बळीराम भीमगीतांच्या मंडळाचे मुख्य गायक. यंदा त्यांच्या घशाला गाठी आल्या आणि डॉक्टरांनी गाणे बंद करायला सांगितले. शेजारच्या चिटगुप्प्यातल्या भीमजयंतीला त्यांच्या मंडळाचे गाणे ठरलेले. समितीची माणसे म्हणाली, पोरगी गाते तर गाऊ द्या, नाही जमले तर पुढच्या वर्षी डीजे लावू. म्हणजे अख्खे मंडळ ज्योत्स्नाच्या गळ्यावर टांगलेले होते.

बळीराम शेतावर गेले की ती मला खिडकीत ठेवून काळी चारच्या पट्टीत, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या बटणाच्या सुरात, गायची. जयंती तोंडावर आली तेव्हा त्यांनी आपली हार्मोनियम काढली. आमच्याकडे तिला पेटी म्हणतात. ढोलकी घेऊन मंडळातला लिंगराजही आला. पेटीची काळी चार वाजली, माझी काळी चार वाजली आणि दोघांत अशी काही खरखर उठली की दारातली शेळी उठून गेली.

"बंद कर ते डबडं," बळीराम घोगऱ्या आवाजात म्हणाले. "खोटं वाजायलंय."

"खोटं न्हाई, आप्पा. पेटी उतरलीय. हा काटा बघा की."

मी काटा दाखवला. मला काही लपवता येत नाही. पेटीचे सगळे सूर सारखेच थोडे खाली होते.

"माझ्या बापानं वाजवलेली पेटी हाय ही. तिला खोटी म्हणायलीस व्हय?"

लिंगराज म्हणाला, "अण्णा, कलबुर्गीला नेऊन सूर लावून आणू की."

"सूर लावायचा म्हणून तिच्या आतल्या पितळी पट्ट्यांना कुणी कानस लावायची न्हाई." बळीरामांनी भाता मिटला, पेटीवर चादर टाकली आणि ते बाहेर जाऊन बसले.

मी बरोबर होतो, मित्रांनो. पण त्या दिवसापासून घरात पेटी वाजली नाही. ज्योत्स्ना मला सुरू करून बसली की वडील उठून जायचे. पेटीशिवाय मंडळ कसले? तिचा आवाज दबू लागला. मी आतल्या आत तडफडत होतो. काटा झाक गं बाई, असे मीच म्हणालो असतो, पण मला तेवढी वाचा नाही.

ते बोलली तिची आई, सरुबाई. "कामून रडायलीस? पेटी म्हातारी, मोबाईल तरणा. म्हाताऱ्यासंगं चालताना पाय कुणी आवरायचा?"

ज्योत्स्नाने मला उचलले. मग माझ्या काचेवर बोट फिरवत तिने तानपुऱ्याखालची एक बारीक सरकपट्टी शोधली. सूर किंचित वरखाली करायला ती असते. तिकडे कुणाचे बोट सहसा जात नाही. तिने वडिलांना हाक मारली आणि चादर काढली.

"आप्पा, काळी चार दाबून धरा."

त्यांनी धरली. ती मला कणाकणाने खाली आणू लागली. आधी आमच्या सुरांत लाटा उठत होत्या. मग त्या संथ झाल्या. मग राहिल्याच नाहीत.

"बसला," बळीराम हळूच म्हणाले.

"पेटीला हात लावला न्हाई, आप्पा. ह्यालाच खाली आणला."

माझा काटा मात्र लालच होता. मला ते खुपत होते, खोटे कशाला बोलू? पण खोलीत एकच सूर होता आणि लिंगराजची ढोलकी पुन्हा बोलू लागली.

जयंतीच्या संध्याकाळी चिटगुप्प्याच्या मंचावर मला पेटीवर ठेवले. समोर माणसेच माणसे. ज्योत्स्नाने माझी रिंग बंद केली होती, पण विमान मोड लावायला ती विसरली. दुसऱ्या कडव्यात ती वरच्या सुराकडे चढत होती आणि नेमका धम्मानंदचा फोन आला. फोन आला की माझा तानपुरा थांबतो. तो थांबला. मी पेटीवर थरथर कापत होतो. तिची नजर माझ्याकडे वळली आणि आवाज हलला.

बळीरामांनी गाण्यामागे फिरणारी बोटे थांबवली. काळी चार दाबली आणि तशीच धरून ठेवली. माझ्या रिकाम्या जागेत पेटीचा सूर येऊन बसला, तसूभरही वरखाली नाही. ज्योत्स्नाने डोळे मिटले आणि त्या सुराच्या आधाराने ती वर पोहोचली. लोकांना काही कळलेच नाही.

गाणे संपल्यावर समितीचे एक गृहस्थ आले. "बळीराम, पुढल्या वर्षी बी तुमचंच मंडळ बरं का."

"माझं न्हाई," बळीराम म्हणाले. "हिचं."

मग त्यांनी मला पहिल्यांदा हातात घेतले आणि खांद्यावरच्या टॉवेलने पुसले. "गाण्यापुरतं ह्याला गप बसवायला शीक, पोरी," ते म्हणाले.

मित्रांनो, माझी बॅटरी आता फुगत चालली आहे. उद्या तिच्या हाती माझ्याहून हुशार मोबाईल येईल. तुमच्याकडे तर तो असेलच. त्याला गाण्याला बसवाल तेव्हा आधी विमान मोड लावा. शेजारी एखादी जुनी पेटी असली, तर पहिला सूर तिला धरू द्या आणि त्याला तिच्यापर्यंत खाली आणा. आम्ही आपणहून कधी खाली येत नाही. आम्हाला कुणीतरी हात धरून आणावे लागते.